दुसरा कोस : गिरिप्रवचनावरील ग्रंथाची प्रस्तावना

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, जेथे येशू डोंगराच्या उतारावर बसून शिष्यांना आणि त्यांच्या पाठोपाठ जमलेल्या गालीलातील रयतेला उपदेश करीत आहे, तेथे एक वचन असे येते की, ओझे वाहण्यासाठी कोणी एखाद्याला धरून एक कोस नेले, तर त्या मनुष्याने आपण होऊन त्याच्याबरोबर आणखी एक कोस जावे. मूळ ग्रीकमध्ये या धरून नेण्याला जे क्रियापद योजिले आहे ते ग्रीक कुळातले नव्हे. इराणी बादशाहीत राजाज्ञा पोहोचविण्यासाठी घोडेस्वारांच्या चौक्यांची जी व्यवस्था होती, आणि जिचे वर्णन हेरोडोटसने करून ठेवले आहे, तिच्या नावावरून ते ग्रीकांकडे आले, ग्रीकांकडून रोमन अमलात गेले, आणि पुढे त्या अमलाखाली ज्याला ज्याला पाठ वाकवावी लागली त्याच्या ओळखीचे झाले. आपल्या मराठी भाषांतरकारांना त्यासाठी शब्द शोधीत बसावे लागले नसेल. ‘वेठीस धरणे’ हा प्रयोग त्यांच्या हाताशी सिद्धच होता. कौटिल्याच्या काळची ‘विष्टि’ प्राकृतातून येता येता ‘वेठ’ झाली, फारशीतील ‘बेगार’ तिला येऊन मिळाली, आणि ‘वेठबिगार’ हा जोडशब्द दोन वेगळ्या राज्यपद्धतींची साक्ष एकाच वेळी देत आपल्या भाषेत अद्याप उभा आहे.

माझ्या लहानपणी आमच्या गावातील वृद्ध माणसे हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणीत. साहेबांचा मुक्काम पडला की राहुट्यांचे बाड कोणाच्या डोक्यावर चढे, रात्री-अपरात्री कचेरीचा लखोटा घेऊन कोणाला पुढच्या गावाकडे धावावे लागे, आणि त्याबद्दल हातावर काय पडे, हे सर्वांना ठाऊक होते; पण ज्यांच्या वाट्याला ते आले त्यांच्या वस्तीत त्या आठवणी जितक्या जिवंत होत्या, तितक्या गावाच्या उरलेल्या भागात नव्हत्या. महार वतनाच्या नावाखाली चाललेल्या या वेठीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. ती वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. तरुणपणी मी प्रथम ते वचन मराठीत वाचले, तेव्हा मला भक्तिभाव वाटला नाही. मला राग आला. एक कोस ज्याच्याकडून बळजबरीने चालवून घेतला, त्यालाच आणखी एक कोस चालावयास सांगणारा हा उपदेशक कोण, आणि तो नेमका कोणाच्या बाजूचा, हा प्रश्न मनात रुतून बसला. हा ग्रंथ त्या प्रश्नातून निर्माण झाला आहे, आणि तो ज्या वाचकाच्या मनात कधी उठला नसेल त्याच्या मनात तो उठावा, एवढ्यासाठीच ही प्रस्तावना थोडी विस्ताराने लिहीत आहे.

येशूच्या शिकवणुकीकडे आपण बहुधा शांत काळातील शांत मनुष्याचे सुभाषित म्हणून पाहतो. गालील सरोवराचे निळे पाणी, रानातील भूकमळे, आकाशातील पाखरे, मेंढपाळ आणि पेरणारा शेतकरी यांनी नटलेली ती भूमी चित्रकारांनी इतकी सौम्य रंगविली आहे, की तिच्यावरून सैन्ये गेली होती याचा विसर पडावा. वस्तुस्थिती निराळी आहे. इ. स. पूर्व ४ मध्ये थोरला हेरोद मरण पावला आणि त्याच्या मृत्यूबरोबर साऱ्या मुलखात बंडाळी माजली. गालीलात सेफोरिस येथील शस्त्रागार बंडखोरांनी लुटले. तेव्हा सूरियाचा रोमन सुभेदार वारुस फौज घेऊन उतरला, सेफोरिस जाळण्यात आले, तेथील रहिवासी गुलाम म्हणून विकले गेले, आणि पुढे यहूदीयात सुमारे २,००० माणसांना वधस्तंभावर चढविण्यात आले, असे योसेफस हा त्या काळाचा इतिहासकार लिहितो. नासरेथपासून सेफोरिस सुमारे ६ किलोमीटरांवर आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने दोन कोसांवर. येशूचा जन्म याच वर्षांच्या आगेमागे झाला असे विद्वान मानतात. ज्या गावात तो वाढला त्या गावातील प्रौढ माणसांनी तो धूर डोळ्यांनी पाहिलेला असणार, आणि विकल्या गेलेल्यांत कोणाचा मेहुणा, कोणाची मावशी असणार. इ. स. ६ मध्ये यहूदीया थेट रोमच्या अमलाखाली आला, करआकारणीसाठी खानेसुमारी झाली, आणि रोमला कर देणे म्हणजे गुलामी पत्करणे होय, असे म्हणत गालीलकर यहूदाने पुन्हा निशाण उभारले. येशू तेव्हा दहा-बारा वर्षांचा मुलगा असेल. त्याच्या कानावर पडलेली पहिली राजकीय चर्चा कर, वेठ आणि वधस्तंभ यांचीच होती, असे मानण्यास कोणतीही कल्पनाशक्ती ताणावी लागत नाही.

याला कर्जाची जोड होती, आणि येथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण मराठी वाचकाला हे प्रकरण कोणत्याही पाश्चात्य वाचकापेक्षा लवकर समजेल. मोशेच्या नियमशास्त्राने दर सातव्या वर्षी ऋणमुक्ती सांगितली होती, आणि पन्नासाव्या, म्हणजे योबेलाच्या वर्षी, गहाण पडलेली जमीन मूळ कुळाकडे परतावी व दास झालेल्यांनी आपापल्या घरी जावे, अशी आज्ञा केली होती. सातवे वर्ष जवळ आले की सावकार हात आखडता घेत. म्हणून हिल्लेल या थोर शास्त्र्याने, गरिबाला कर्ज मिळत राहावे या हेतूने, ते न्यायसभेच्या स्वाधीन करून ऋणमुक्तीतून वगळण्याची एक कायदेशीर तोड काढली. हेतू दयेचा होता. परिणाम असा झाला की कर्जखत सातव्या वर्षानंतरही जिवंत राहिले. इ. स. ६६ मध्ये रोमविरुद्ध मोठा उठाव झाला तेव्हा यरुशलेमातील बंडखोरांनी अगदी आरंभीच जी इमारत पेटविली ती कर्जाच्या दस्तऐवजांच्या दप्तरखान्याची होती. ज्यांनी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांची खतपत्रे जाळल्याची हकीकत वाचली आहे, त्यांना या आगीचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

अशा लोकांना येशूने प्रार्थना शिकविली तेव्हा, मत्तयाच्या पाठानुसार, तीत पापक्षमेसाठी ऋण सोडण्याचाच शब्द आहे. इंग्रजी उपासनेत तेथे अपराधाचा अर्थ देणारा शब्द रूढ झाला. मराठीने ऋण ऋणच ठेवले, आणि माझ्या मते आपल्या भाषेने मुळाशी राखलेले हे इमान फार मोलाचे आहे. त्याच शुभवर्तमानात दोन ऋणकोंचा दृष्टान्त आहे. एका राजाचा एक चाकर १०,००० तालांतांचा देणेकरी निघतो, राजा ते सारे माफ करतो, आणि तोच चाकर बाहेर पडून आपल्या सोबत्याची १०० दीनारांसाठी मानगूट धरतो. शंभर दीनार म्हणजे मजुराची शंभर दिवसांची मजुरी. एक तालांत म्हणजे अशा सुमारे ६,००० मजुऱ्या. येशूच्या काळी गालीलवर राज्य करणाऱ्या हेरोद अंतिपाला गालील आणि पैरिया या दोन्ही मुलखांतून वर्षाकाठी २०० तालांतांचा वसूल मिळे, असा योसेफसचा आकडा आहे. त्या हिशेबाने चाकराला सुटलेले ऋण म्हणजे अख्ख्या राज्याचा पन्नास वर्षांचा महसूल झाला, बरोबर एक योबेल. या आकड्यांचा मेळ हेतुपुरस्सर घातला होता असे मी म्हणत नाही. परंतु ऐकणाऱ्या कुणब्याला आणि कोळ्याला ती रक्कम ऐकून प्रथम हसू आले असेल आणि मग घशाशी आलेल्या हातांची आठवण होऊन तो गप्प झाला असेल, हे मला स्पष्ट दिसते.

आता त्या दुसऱ्या कोसाकडे वळू. त्या वचनाच्या शेजारीच आणखी दोन वचने आहेत आणि तिन्ही एकत्र वाचल्याखेरीज कोणत्याही एकाचा उलगडा होत नाही. उजव्या गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करावा, असे पहिले. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारावयाचे तर हात उलटा फिरवावा लागतो. उलट्या हाताची चपराक ही मारामारीतील नसून हलक्या दर्जाच्या मनुष्याला त्याची पायरी दाखविण्याची रीत होती, आणि यहूदी धर्मशास्त्राच्या मिश्ना या संहितेत साध्या चपराकीला २०० झूझ दंड असताना उलट्या हाताच्या चपराकीला ४०० झूझ सांगितले आहेत. फिर्याद करून आतली बंडी घेऊ पाहणाऱ्याला वरचा अंगरखाही देऊन टाकावा, असे दुसरे. आणि गरिबाचा अंगरखा गहाण घेतल्यास सूर्यास्तापूर्वी तो परत करावा, कारण रात्री त्याला तेवढेच पांघरूण असते, असे मोशेचे शास्त्र सांगते, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला पाठ होते. तिसरे वेठीचे. त्या वेठीचा कारभार कसा चाले याचा एक दाखला आज उपलब्ध आहे: पिसिदियातील सागालास्सोस नगरीच्या मुलखासाठी तिबेरियस कैसराच्या कारकीर्दीच्या आरंभी निघालेला, लॅटिन व ग्रीक अशा दोन्ही भाषांत कोरलेला एक हुकूम सापडला असून, कोणत्या दर्जाच्या अंमलदाराला किती गाड्या आणि किती खेचरे मागता येतील याची तपशीलवार यादी त्यात आहे. रयतेची जनावरे आणि माणसे ही सरकारच्या हिशेबात याद्यांमधील रकाने होती.

या रकान्यातील मनुष्याला येशू जे सांगतो त्यात मला शरणागती दिसत नाही. पहिल्या कोसात मनुष्याची स्वतःची इच्छा कोठेच नसते. तो हुकमाचा असतो. तो संपल्यावर ओझे खाली टाकून मागे फिरण्याची मुभा असताना जो आपण होऊन पुढे चालू लागतो, त्याने आपल्या पायांवरील हक्क परत घेतला, आणि त्याच क्षणी शिपायाला आपल्यासमोर ओझ्याचे जनावर नसून बरोबरीचा वाटसरू आहे हे पाहणे भाग पडते. ज्याने दुसरा गाल पुढे केला, त्याने उलट्या हाताची पायरी नाकारली. ज्याने अंगरखाही उतरवून दिला, त्याने त्या न्यायसभेतच सावकाराला नियमशास्त्राच्या समोर उघडे केले. संकटाच्या काळात दुर्बळ मनुष्यापुढे जे दोन मार्ग नेहमी ठेवले जातात, मुकाट्याने सोसावे अथवा सूड घ्यावा, त्या दोहोंत पहिली चाल नेहमी बलवानाची असते. येशूने दुर्बळाच्या हाती चाल दिली. माझा राग ज्या दिवशी मावळला तो दिवस मला हे उमगल्याचा होता.

परंतु राग पूर्णपणे मावळला नाही, आणि तो मावळूही नये. कारण हे वचन ज्याच्या पाठीवर ओझे आहे त्याच्याच मुखात शोभते. नासरेथचा सुतार स्वतः वेठीच्या टप्प्यात होता. तो आपल्यासारख्याच माणसांशी बोलत होता. तेच वचन घोड्यावर बसलेल्याने पायी चालणाऱ्याला ऐकविले की ते विष होते, आणि इतिहासात ते वारंवार तसे ऐकविले गेले आहे. अमेरिकेतील मळेवाल्यांनी गुलामांपुढे नम्रतेची प्रवचने करविली. आपल्या शेजारच्या गोव्यात १५६० साली येशूच्या नावाने धर्मसमीक्षण सभा, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाली आणि ती कायमची बंद होण्यास १८१२ साल उजाडले. डोंगरावर बसून शत्रूवर प्रीती करावयास सांगणाऱ्या गुरूशी या न्यायासनाचे नाते कोणते, हा प्रश्न त्याच्या अनुयायांनी टाळता कामा नये, आणि या ग्रंथातही मी तो टाळलेला नाही. त्याच गोव्यात राहून फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने १६१६ मध्ये छापले गेलेले ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचले, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी एकाच भूमीवर घडल्या. एकीने दुसरी पुसली जात नाही.

महाराष्ट्रात या शिकवणुकीचे मर्म ज्यांनी उलगडले ते बहुतेक सारे खालून पाहणारे होते. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त येशूला बळीराजाच्या मालिकेत बसविले. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली व विधवा आणून त्यांना आश्रय दिला, केडगावला मुक्तिसदन वसविले, आणि कलकत्त्याच्या पंडितसभेने ‘सरस्वती’ ही पदवी दिलेल्या या विदुषीने उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या, घरगुती मराठीत उतरविण्याचे काम हाती घेतले, यासाठी की अल्पशिक्षित बाईलाही ते कोणाच्या मध्यस्थीवाचून समजावे. १९२२ साली त्यांनी देह ठेवला. ते भाषांतर त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. दुष्काळातील त्या मुलींना आपल्या भाषेत आपल्याशी कोणी बोलत आहे असे वाटावे, यापरते टीकाग्रंथाचे दुसरे प्रयोजन मला सुचत नाही.

ही शिकवण खरोखर बिकट काळात टिकते काय, याची कसोटी पाहावयाची तर मी वाचकाला फ्रान्सच्या दक्षिणेकडील एका उंच पठारावर नेईन. ल शांबों सुर लिन्यों हे तेथील एक खेडे. त्याचे रहिवासी बहुतांशी प्रॉटेस्टंट. १६८५ मध्ये राजाने धर्मस्वातंत्र्याची सनद रद्द केल्यानंतर त्यांच्या पूर्वजांना रानावनांत चोरून उपासना करावी लागली होती आणि ती आठवण त्यांनी सांभाळली होती. जून १९४० मध्ये फ्रान्सने जर्मनीपुढे शस्त्रे ठेवली. तहाच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, तेथील आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर थेइस या दोन पाळकांनी आपल्या मंडळीला सांगितले की, शुभवर्तमानाच्या विरुद्ध वागण्याची बळजबरी झाली तर आत्मिक शस्त्रांनी प्रतिकार करणे हे ख्रिस्ती मनुष्याचे कर्तव्य आहे. त्यानंतर काही वर्षे त्या पठारावरील शेतकरी, शिक्षक, खाणावळवाल्या बायका यांनी हजारो निर्वासित, त्यांत पुष्कळ ज्यू मुले, आपल्या घरांत, गोठ्यांत, वसतिगृहांत लपविले, त्यांना खोटी ओळखपत्रे करून दिली आणि कित्येकांना सीमेपार स्वित्झर्लंडकडे पोहोचविले. १९४२ च्या उन्हाळ्यात सरकारने ज्यूंची यादी मागितली. यादी मिळाली नाही. पोलीस बसगाड्या घेऊन आले आणि बहुतांशी रिकाम्या गाड्या घेऊन परत गेले. आंद्रेचा चुलतभाऊ दानिएल त्रोक्मे वसतिगृहातील आपल्या मुलांबरोबर पकडला गेला आणि १९४४ मध्ये मायदानेकच्या छळछावणीत मरण पावला. या साऱ्या काळात त्या पाळकांनी कोणावर गोळी झाडण्याचा पुरस्कार केला नाही, आणि गावाने कोणाला धरूनही दिले नाही. युद्धानंतर याच आंद्रे त्रोक्मेने येशूच्या अहिंसक क्रांतीवर एक ग्रंथ लिहिला, आणि त्यात नासरेथच्या सभास्थानात येशूने केलेली घोषणा ही योबेल वर्षाची, म्हणजे ऋणमुक्तीची आणि दास्यमुक्तीची, घोषणा होती असा सिद्धान्त मांडला. ज्याने चार वर्षे दुसऱ्यांची ओझी वाहिली होती त्याला त्या पुरातन आज्ञेत कर्जदार आणि बंदिवान दिसावे, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

दुसरे उदाहरण थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील माँटगोमरी शहरातील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांनी डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस शहरातील बसगाड्यांवर बहिष्कार टाकला. मोलकरणी आणि हमाल पहाटे उठून कैक कोस पायी कामावर गेले. ३० जानेवारी १९५६ रोजी त्यांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला, तेव्हा अंगणात हत्यारे घेऊन जमलेल्या जमावाला त्यांनी त्याच गिरिप्रवचनाची आठवण देऊन घरी पाठविले. या प्रवचनाने विलायतेत विद्यार्थिदशेतील गांधीजींच्या हृदयाचा ठाव घेतला होता, आणि किंगांपाशी ते पोहोचले ते गांधीजींच्या प्रयोगांनी उजळून. गालीलाच्या डोंगरावरून निघालेले वचन हिंदुस्थानच्या वाटेने अमेरिकेला गेले, ही आपल्यालाही काही जबाबदारी लावून देणारी गोष्ट आहे.

येशूच्या बाराजणांत कफर्णहूमच्या नाक्यावरचा जकातदार मत्तय होता, आणि ज्याला ‘झेलोत’, म्हणजे कट्टर स्वधर्माभिमानी, म्हणत असा शिमोनही होता. एक रोमच्या व्यवस्थेच्या आश्रयाने पैसे गोळा करणारा, दुसरा ज्या विशेषणाने ओळखला जाई ते पुढे बंडखोरांच्या पक्षाचे नाव झाले. दोघे एका पंगतीला जेवत. ही पंगत बाहेरच्या राष्ट्राला साधली नाही. इ. स. ७० मध्ये यरुशलेम पडले, मंदिर जळाले, आणि वेढ्याच्या आत उपाशी लोक एकमेकांच्याच जिवावर उठले होते. येशूचे ऐकले असते तर हे टळले असते, असे छातीठोकपणे सांगण्याचा अधिकार मला नाही. एवढेच म्हणतो की, युद्धाने उद्ध्वस्त झालेली शहरे, कर्जाच्या ओझ्याखाली दबलेली शेते आणि शेजाऱ्याकडे शत्रू म्हणून पाहण्याची शिकवण घरोघर पोहोचविणारे पुढारी, हे ज्या पिढीच्या नित्य परिचयाचे आहे, तिला गालीलातील त्या श्रोत्यांपासून आपण फार दूर बसलो आहोत असे वाटण्याचे कारण नाही.

शेवटी त्या क्रियापदाकडे पुन्हा येतो. नव्या करारात ते केवळ तीन वेळा आले आहे. एकदा डोंगरावर, आणि उरलेल्या दोन्ही वेळा मत्तय व मार्क यांनी एकाच प्रसंगी योजिले आहे. रोमन शिपाई येशूला वधस्थानाकडे नेत असताना शेतातून, दूरच्या मुलखातला मूळ रहिवासी असलेला कुरेनेकर शिमोन नावाचा एक मनुष्य येत होता. त्याला त्यांनी येशूचा वधस्तंभ वाहण्यासाठी वेठीस धरले. ज्याने दुसऱ्या कोसाची गोष्ट सांगितली त्याच्याच ओझ्याखाली एका परक्या वाटसरूने वेठ केली. तो मनुष्य पुढे किती चालला, त्याचे मन काय म्हणत होते, हे कोणी लिहिलेले नाही. परंतु मार्काने त्याच्या दोन मुलांची नावे, अलेक्सांद्र आणि रूफ, आवर्जून नोंदविली आहेत, जणू वाचणाऱ्या मंडळीला ती मुले ठाऊक होती.

पुढील प्रकरणे उघडण्यापूर्वी वाचकाला माझी एक विनंती आहे. मत्तयाचे पाचवे, सहावे आणि सातवे हे तीन अध्याय आधी वाचावेत. ती अवघी १११ वचने आहेत. एका बैठकीत, घटकाभराच्या आत, वाचून होतात. शक्य असेल तर मोठ्याने वाचावीत आणि घरातील कोणाला तरी ऐकवावीत, कारण ती प्रथम ऐकण्यासाठीच बोलली गेली होती, आणि ऐकणाऱ्यांत वाचता येणारे थोडेच होते.